शांत, प्रेमळ आणि घरात रमणारं

सुनेनं घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'शांत, प्रेमळ, घरात रमणारं, लहान मुलांना जीव लावणारं हवं.' मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. आधीचे निरोप बघितलेच नव्हते, त्यामुळं मला वाटलं कुणासाठी तरी स्थळ बघणं चाललंय. घरात लग्नाचं तर कोणी उरलेलं नाही. मग बोटानं वर सरकवत गेले तेव्हा कळलं, कुत्रं घ्यायचं चाललंय.

चूक माझीच, पण अगदी उगीच झालेली नाही. माझं लग्न ह्याच शब्दांवर ठरलं होतं. राधानगरीकडं आमचं गाव, दारात चार म्हशी, घरात आम्ही तीन बहिणी. माझ्या आधीच्या दोन स्थळांनी नाही म्हणून कळवलेलं, कारण काय तर पोरगी बोलते फार. तिसऱ्या खेपेला आईनं मध्यस्थाला सांगून टाकलं की पोरगी शांत आहे, घरात रमणारी आहे. रमणारी हे खरं होतं. शांत हे साफ खोटं. पाहुणे यायच्या आधी आईनं मला चुलीपाशी बसवून बजावलं, विचारतील तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त बोललीस तर बघ. मी तासभर तोंड मिटून बसले. तेवढ्यावर मला घर मिळालं. पुढची चव्वेचाळीस वर्षं मी त्या एका तासाचं उट्टं काढलं.

खरे शांत निघाले ते आमचे हे. कोल्हापुरात कारखान्यात लेथवर काम. दिवसभर यंत्राचा आवाज ऐकून घरी आलेल्या माणसाला बायकोची बडबड कशी सोसते, असं माझी जाऊ विचारायची. पण ह्यांना माझा आवाज चालायचा. मी बोलायची, ते ऐकायचे. स्वयंपाकघरातून मी "अहो" म्हटलं की बाहेरच्या खोलीतून कधी 'ओ' आला नाही. थोडा वेळ जायचा, मग शहाबादी फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. करर्र. ते ऐकलं की समजायचं, उठले, येतायत. तेच उत्तर. त्यांचं नाव मी आयुष्यात सात-आठ वेळा घेतलं असेल, तेही उखाण्यात, चार बायकांनी दार अडवलं म्हणून. एरवी अहो. तेव्हा इथंही कुणाचं नाव येणार नाही. सवयच नाही, आणि आता नवी सवय कशाला.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की रडणं वगैरे महिन्याभरात आटोपतं, बोलणं मात्र आटपत नाही. ते साचत जातं. भाजीवालीनं मेथीच्या जुडीत गवत घातलं, समोरच्यांच्या अंगणातला आंबा यंदा मोहरलाच नाही, पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं, ह्या काय फोन करून पुण्याला सांगायच्या गोष्टी आहेत? पण दिवसभरात माझ्याजवळ असलंच सगळं असतं. पहिलं वर्षभर तर असं व्हायचं की तोंडातून 'अ' निघून जायचा आणि 'हो' गिळायला लागायचा. शेजारीण ऐकेल, लोक म्हणतील म्हातारीचं डोकं फिरलं. टीव्ही लावून ठेवायचे. टीव्हीवरची माणसं माझ्यापेक्षा जास्त बोलायची, ऐकत कोणीच नव्हतं.

तर कुत्र्याचं. लेक आणि सून पुण्यात, दोघांच्याही नोकऱ्या. नात नऊ वर्षांची. शाळेतून अडीचला घरी येते, गळ्यातल्या किल्लीनं कुलूप काढते आणि सहापर्यंत एकटी असते. लहानपणी ही पोर माझ्यावर गेली होती. तीन वर्षांची असताना इथं आली की झाडांशी, बादलीशी, नळाशी बोलायची. गेल्या दीड वर्षात ती गप्प होत गेली. व्हिडिओ कॉलवर मी दहा वाक्यं बोलले की ती एक 'हं' म्हणायची, नाहीतर 'चालेल'. काय गं, जेवलीस का? हं. सुट्टीत येणार ना? चालेल. शाळेतल्या बाईंनीही आईवडलांना बोलावून तेच सांगितलं. मग कुणीतरी सुचवलं की घरात एखादं शांत कुत्रं आणा, पोरीला सोबत होईल. पण तेव्हाचा घरमालक कुत्रं ठेवू देत नव्हता आणि नव्या फ्लॅटचा ताबा दिवाळीनंतर मिळणार होता. म्हणून लेकानं मला फोन केला. म्हणाला, तू तिथं बघून घे, चार महिने सांभाळ, दिवाळी झाली की आम्ही येऊन घेऊन जातो. मी हो म्हटलं. मला कुणी भरीला घातलं नव्हतं. नातीसाठी म्हणून मी माझ्या तोंडानं हो म्हटलं, हे आधीच लिहून ठेवते.

त्यानंतर आठवडाभर ग्रुपवर नुसती कुत्री. लेकाला बीगल आवडलं होतं, सुनेला ते सोनेरी लांब केसांचं गोल्डन. मी म्हटलं पग घ्या, लहान आहे, मांडीवर मावेल. माझ्या माहितीत एकच पग, शेवटच्या गल्लीतल्या वकिलांचा. तो नवऱ्यासारखा घोरतो असं वकिलीणबाई सांगतात, आणि नवराही तिथंच बसलेला असतो. शेजारीण म्हणाली, काही झालं तरी पामेरियन आणू नका, भुंकून भुंकून डोस्कं उठवतंय. ही माझी शेजारीण माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, जैनांची, हातकणंगल्याचं माहेर. मला काकी म्हणते. भिंतीवरून वाटी देते आणि वाटीबरोबर सल्ला देते.

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. कळंब्याच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना. मुळात गुराढोरांचे डॉक्टर, हल्ली कुत्री-मांजरंच जास्त येतात म्हणे. मी फोनमधली यादी वाचून दाखवली. बीगल म्हटल्यावर ते म्हणाले, ते नाकाच्या मागं जातंय, फाटक उघडं राहिलं तर कळंब्याच्या तळ्यावर जाऊन हुडकायला लागंल. गोल्डन स्वभावानं सोन्यासारखं, पण केस विंचरायला रोज माणूस पाहिजे. पग गोड, पण उन्हाळ्यात त्याला श्वास पुरत नाही. मग लॅब्राडोर घेऊ का, म्हटलं. ते हसले. लॅब्राडोर शांतच, पण दोन वर्षांनी. तोवर घरातली कुठलीच वस्तू शांत राहत नाही. मग त्यांनी यादी बाजूला ठेवायला लावली आणि जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

"मावशी, जातीवर जाऊ नका, आईवर जावा. पोरगी बघताना आई बघत्यात न्हवं, तसंच हाय हे. खाण तशी माती. पिलाला हात लावला की आई गुरगुरली तर परत या. आणि पिल्लू उताणं करून छातीवर हात ठेवा. जरा धडपडून मग गप पडंल ते घ्या. अजिबात गप पडत न्हाय ते नको, आणि हात लावायच्या आधीच मेल्यावानी पडतंय तेबी नको."

म्हैस घेताना आमचे वडील तिच्या पाठीवर हात ठेवून असेच उभे राहायचे. कातडी थरथरायची थांबते का बघायचे. दूध मागनं बघू, आधी हात सोसतीय का बघू, असं म्हणायचे. डॉक्टरांचं ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, हे तर आपल्याला येतंय.

शेजारणीच्या भावाच्या मळ्यावर लॅब्राडोर व्यालेली होती. आम्ही दोघी एसटीनं हातकणंगल्याला गेलो. उसाच्या कडेला कौलारू घर, ओसरीवर सात पिल्लं. आई आडवी पडलेली, बिस्किटी रंगाची, डोळे अर्धे मिटलेले. जैनांच्या घरातली, त्यामुळं भाकरी, दूध, भात हेच खाऊन वाढलेली. मी जवळ बसले. तिनं माझा पदर हुंगला आणि डोकं परत खाली ठेवलं. मी एक पिल्लू उचललं, तिनं बघितलं फक्त. म्हटलं, आई पसंत.

लेक व्हिडिओवर होता. त्यानं कुठंतरी वाचलेलं की जे पिल्लू सगळ्यांत आधी धावत येतं ते घ्यायचं. मी टाळी वाजवली. सहा पिल्लं एकमेकांना तुडवत माझ्या अंगावर आली. सातवं बसल्या जागी राहिलं. त्यानं ऐकलं होतं, कान हलले होते. ते थोडा वेळ बसलं, मग उठलं, आळस दिला, आणि चालत आलं. धावत नाही. माझ्या पायाजवळ येऊन बसलं. मी त्याला उताणं केलं, छातीवर हात ठेवला. त्यानं दोनदा पाय झाडले, एक उसासा सोडला आणि पडून राहिलं. काळीज माझ्या बोटांखाली टकटकत होतं. लेक फोनमधून म्हणत होता, आई, ते सुस्त दिसतंय, दुसरं बघ. मी म्हटलं, हेच. का हेच, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

शेजारणीच्या भावजयीनं सूर्य मावळायच्या आत जेवूनच जा म्हणून बसवलं. पिल्लू माझ्या मांडीवर झोपलं ते एसटीत, ते घरी येईपर्यंत.

नावावरून मग ग्रुपवर जे चाललं ते बारशालाही चाललं नसेल. लेकाचं एक नाव, सुनेचं एक, व्याह्यांनी पण दोन सुचवली. नात म्हणाली, मी प्रत्यक्ष बघितल्यावर ठरवणार. हे एवढं लांब वाक्य ती महिन्याभरानं बोलली, म्हणून सगळे तयार झाले. तोवर पिल्लू म्हणा. माझ्या तोंडी पिल्लू काही बसेना. ते बिननावाचंच घरात हिंडायला लागलं.

डॉक्टर खरं बोलले होते. पहिल्या महिन्यात त्यानं पायपुसणं खाल्लं, अर्धी केरसुणी खाल्ली, माझ्या चष्म्याची काडी चावली. दात शिवशिवले की कुठंही तोंड घालायचं. पण स्वभावानं वाईट नाही. मी रागावले की ते त्याच्या एका ठरलेल्या जागी जाऊन बसायचं. ती जागा म्हणजे ह्यांच्या खुर्चीखाली. का ते मला माहीत नाही. थंड फरशी असेल, आडोसा असेल. ती खुर्ची मी दोन वर्षं हलवली नव्हती.

एकदा सकाळी मी फाटकाशी भाजीवालीशी बोलत होते. आत गॅसवर दूध. वास आला आणि मी मागं न बघता, चव्वेचाळीस वर्षं ओरडले तशी ओरडले, "अहो, तेवढं दूध बघा." बोलून गेल्यावर कळलं, काय बोलले. हातात कोथिंबीर तशीच. आणि आतून खुर्ची सरकली. करर्र.

खरं सांगते, तेवढा क्षणभर मी वळले नाही. वळले तर कळणार होतं. मग पायरीवर नखं वाजली. पिल्लू, आता काही ते पिल्लू राहिलं नव्हतं, चांगलं मोठं झालेलं, खुर्चीखालून पाठीनं खुर्ची ढकलत उठलेलं आणि चालत दारात आलेलं. माझ्याकडं बघत उभं राहिलं, काय म्हणतेस असं. दूध उतू गेलं होतंच. भाजीवाली म्हणाली, चांगलं नाव ठेवलंयसा की आजी, हाकेला येतंय.

तिथून सुरू झालं. आधी मी ठरवून म्हणायचे नाही, सुटून जायचं. मग ठरवून म्हणायला लागले. अहो, ऐकलं का, समोरच्यांची मुलगी आलीय बाळंतपणाला. अहो, तळ्याकडं जाऊन येऊ चला. अहो, जेवायला घेतलंय. एकदा अहो म्हटल्यावर पुढं 'ये, बस, खा' कसं म्हणणार? या, बसा, खा. कुत्र्याला अहोजाहो करणारी कोल्हापुरात मी एकटीच असेन. हाड म्हणायची वेळ आली तरी मी "अहो, सरका" म्हणायची.

शेजारणीनं एकदा भिंतीपलीकडून ऐकलं. मी म्हणत होते, अहो, एवढी भाकरी तरी संपवा की, टाकू नका. ती आमटीची वाटी घेऊन आली, पण वाटी निमित्त. दारातून हळूच आत डोकावली. आधी खुर्चीकडं बघितलं, मग ह्यांच्या फोटोकडं, मग खाली.

"काकी, मला वाटलं डोस्कं फिरलं तुमचं."

"फिरलंय की," मी म्हटलं, "पण ह्यांची काही तक्रार न्हाय."

ती बसली, हसता हसता तिचे डोळे भरले. मग पदरानं पुसून म्हणाली, पुण्याच्यास्नी सांगितलंय का? मी मान हलवली. कसं सांगणार? लेकाला काय सांगू, तुझ्या वडिलांची हाक मी कुत्र्याला दिली म्हणून? व्हिडिओ कॉल आला की मी त्याला 'बाळा' म्हणायची. तो कान हलवायचा नाही. लेक म्हणायचा, आळशीच दिसतोय.

दिवाळी जवळ यायला लागली तशी मी दिवस मोजणं टाळायला लागले. टाळून काय होतंय, चकल्या करायला लागतातच. त्याला तळणाचा वास फार आवडायचा, सोऱ्याजवळ येऊन बसायचा. मी त्याला सगळं सांगितलं होतं. पुण्याला जायचंय तुम्हाला, पोरगी एकटी असते. तो पंजावर हनुवटी ठेवून ऐकायचा. ह्यांनीही असंच ऐकलं असतं आणि काही बोलले नसते.

भाऊबीज झाली, नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि ती तिघं आली. नातीनं दाराबाहेरच चप्पल काढून बसकण मारली. कुत्रा तिच्याजवळ गेला, तिला हुंगलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोन दिवस दोघं एकत्र होते. ती त्याच्याशी बोलत मात्र नव्हती, नुसती पाठीवरून हात फिरवायची. दुसऱ्या दिवशी तिनं नाव जाहीर केलं. दोन अक्षरी, छान, कुठल्याशा परीकथेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं मान वर केली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी भरली. नात नवा लाल पट्टा घेऊन ओसरीत उभी राहिली आणि तिनं त्याला नव्या नावानं हाक मारली. तो खुर्चीखाली होता. शेपूट हलवलं, उठला नाही. तिनं परत हाक मारली. लेकानं बिस्कीट दाखवलं. तो बाहेर आला, बिस्कीट खाल्लं, परत खुर्चीखाली गेला. लेकानं पट्टा अडकवून ओढलं, तर चारी पाय रोवून बसला. चांगला तगडा झालेला, ओढून थोडाच येतोय. पंधरा मिनिटं हे चाललं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात त्यांच्यासाठी बांधलेला लाडवांचा डबा.

लेक घाम पुसत म्हणाला, "राहू दे. हा आता आईचा झालाय. आपण तिकडं दुसरा बघू."

सूनही मनापासून म्हणाली, "आई, खरंच ठेवा तुम्ही. तुम्हालाच सोबत होईल. आम्हालाही तुमची काळजी वाटते."

कुणी मला विचारत नव्हतं, मागत नव्हतं. उलट देत होते. मला काही करायचं नव्हतं. आयुष्यात दुसऱ्यांदा मला फक्त गप्प बसायचं होतं, तासभरही नाही, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत. पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा मला घर मिळालं होतं. ह्या वेळी गप्प बसले असते तर ते घर तसंच राहिलं असतं, खुर्चीच्या आवाजासकट. मी गप्प बसले. बसलेच, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, आपणहून सगळं जुळून येतंय, तू कशाला तोंड उघडतेस.

नात सोडवलेला पट्टा हाताभोवती गुंडाळत होती. गुंडाळून झाला तेव्हा ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "चालेल."

हा शब्द मी दीड वर्ष फोनवर ऐकत होते. समोर कधी ऐकला नव्हता. फोनवर त्या शब्दाला चेहरा नसतो. समोर बघितलं तर नऊ वर्षांची पोर, आणि तोंडावर असं काही की जसं हिनं आधीच धरून ठेवलं होतं, आपल्याला मिळणार नाही म्हणून. अडीच ते सहा किल्ली गळ्यात घालून बसणारी पोर. साचलेलं कुणाला सांगायचं हे जिला नवव्या वर्षी कळत नाही. मला सत्तरीला कळत नव्हतं, तिला कुठून कळणार.

मी डबा खाली ठेवला.

"अहो," मी म्हटलं.

थोडा वेळ गेला. मग खुर्ची सरकली. करर्र.

लेक फाटकाकडं निघाला होता, तो जागच्या जागी थांबला. त्याचं सगळं लहानपण ह्या दोन आवाजांत गेलं होतं, आधी माझा, मग खुर्चीचा. तो वळून खुर्चीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मला लाज वाटली. पोराच्या नजरेला नजर देववेना. सुनेनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

कुत्रा चालत माझ्यापाशी आला आणि बसला.

"आजी, त्याचं नाव 'अहो' आहे?" नातीनं विचारलं.

"हो."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"विसरले," मी म्हटलं. त्या दिवशीचं एवढंच खोटं.

मी तिला समजावलं. नुसतं नाव घेऊन भागत नाही, मानानं बोलायला लागतं. लगेच येत नाहीत, थोडं थांबायचं, परत परत हाका मारायच्या नाहीत. ऐकलेलं असतं. तिनं माझ्याकडं बघून बघून, चाचरत म्हटलं, "अहो, चला ना." तो माझ्याकडं बघत होता. मी तोंड दुसरीकडं वळवलं. तिनं परत म्हटलं नाही, थांबली. शिकवलेलं पोरीनं बरोबर ऐकलं. मग माझ्या पायाला लागलेली त्याची ऊब हलली, नखं पायरीवर वाजली.

गाडीत चढताना त्यानं मागं वळून बघितलं. आमच्यात निघणाऱ्या माणसाला कधी 'जा' म्हणत नाहीत. मी म्हटलं, "या हं." बाकी काही म्हणायचं सुचलं नाही. मला, बघा.

आता पुण्याहून बातम्या येतात. सून सांगते की नात शाळेतून आली की कुलूप काढायच्या आधीच बाहेरून ओरडते, अहो, आले बरं का. दुपारभर तिचं चाललेलं असतं, अहो, ऐकलंत का, आज बाईंनी काय केलं. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत तिनं अहो म्हटलं की बाकावरचे दोन-तीन निवृत्त आजोबा मान वर करतात. सून स्वतः नवऱ्याला नावानं हाक मारते, पण कुत्र्याला अहो म्हणते, त्यावरून लेक तिला चिडवतो की घरात मान फक्त एकालाच आहे. मी हसते. नातीशी बोलायला फोन घेतला की ती वीस-वीस मिनिटं सांगत बसते, त्यानं काय खाल्लं, कशावर बसला, कुणावर भुंकला. मधे श्वाससुद्धा घेत नाही. मी आता 'हं' म्हणते.

एकदा तिनं फोन त्याच्या कानाशी धरला आणि म्हणाली, आजी, तू हाक मार, बघू ओळखतो का. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं नको. तो उठला असता आणि तिथं मी नसते. मी म्हटलं, झोपू दे त्यांना.

शेजारीण भिंतीवरून विचारते, काकी, दुसरं पिल्लू आणूया का, भावाकडची परत व्यायलीय. डॉक्टरही म्हणाले, आणा की मावशी, तुम्हाला पारख हाय. बघू, म्हणते मी. सध्या तरी भाजीवालीला मी दहा मिनिटं थांबायला लावते. दूध गॅसवर ठेवलं की मात्र तिला म्हणते, आज नको, उद्या बोलू. आणि आत येऊन पातेल्याजवळ उभी राहते, वर येईपर्यंत.